अंबादासमामांचा विलायती ड्रम

“काकू, यातली ज्वारी जरा काढता येईल का?” पुण्याहून आलेल्या पाहुण्याने विचारलं.

“कशात काढू?” मी म्हणाले.

त्याने स्वयंपाकघरात सगळीकडे पाहिलं. तेवढ्या मापाचं दुसरं काही आमच्याकडे नाही हे त्याच्याही लक्षात आलं असावं. तीन पायांवर उभा असलेला तो ड्रम माझ्या लग्नाच्या आधीपासून ज्वारीची कोठी होता. त्याचं वाजवायचं वरचं पान कुठल्याशा कार्यक्रमात फाटलं, तेव्हा सासूबाईंनी तळाला फळी बसवून घेतली, आत ज्वारी ओतली आणि वर परात झाकली. त्यात कधी किडा झाला नाही. या ड्रमबद्दल मला एवढीच माहिती होती आणि तेवढी पुरेशी वाटत होती.

शेवटी आम्ही ज्वारी चादरीवर ओतली. सोलापुरात बाकी काही कमी पडेल, चादर कमी पडत नाही. मग त्या गृहस्थाने ड्रममध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. बाहेर आला तेव्हा नाकाला पीठ लागलेलं होतं आणि चेहरा देवदर्शन झाल्यासारखा होता.

त्याचं नाव कौस्तुभ. तिशीतला, दाढीवाला, पुण्यात कुठल्याशा कंपनीत नोकरी आणि शनिवार-रविवारी जुने ड्रम हुडकत गावोगाव हिंडणं. पूर्वी अशी माणसं बायको हुडकायला हिंडायची. आमच्या घरी ड्रम आहेत हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी ते मला लगेच कळलं, कारण बाहेरच्या खोलीत उंबऱ्यावर बसून सासऱ्यांचे जुने दोस्त सिद्रामकाका बशीतून चहा ओढत होते आणि त्यांचा चेहरा फार निरागस होता.

बाहेरच्या खोलीत पलंगावर मामा बसले होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. अंबादास गवसणे, गिरणीत मागावरचे साचेवाले आणि गिरणीतल्याच ऑर्केस्ट्राचे ड्रमवाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. माणूस त्यांना आवाजावरून कळायचा आणि घर सवयीवरून. उशाशी स्टुलावर मोठा ड्रम होता, पायाने वाजवतात तो. दोन लहान ड्रम कपाटावर होते. सगळ्यांना शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं चमकणारं मोतिया आवरण होतं.

“काका, सेट फार सुंदर आहे,” कौस्तुभ म्हणाला. “साठ-सत्तरच्या काळातला जपानी ना?”

सिद्रामकाकांनी बशी खाली ठेवली. “ऐकलास, अंबादास? पुण्याचा माणूस सांगायलाय.”

“विलायती हाय,” मामा म्हणाले.

“नाही, आतलं लाकूड पाहिलं मी. पातळ प्लायवूड आहे, वर-खाली आतून लाकडी कडी...”

“विलायती हाय. दुसरं बोला.”

कौस्तुभ पुण्याचा असल्यामुळे दुसरं बोलणं त्याला जमलं नाही. तो खाली बसला आणि समजावू लागला. जपानी म्हणजे वाईट असं तो म्हणतच नव्हता. त्या काळी तिकडच्या कारखान्यांतून असे ड्रम ढिगाने निघायचे. ज्या दुकानदाराला जे नाव हवं, ते ड्रमवरच्या पितळी बिल्ल्यावर लावून मिळायचं. ड्रम एकच, एका गावात त्याला राजाचं नाव, दुसऱ्या गावात चांदणीचं. स्वस्त होते म्हणून शिकणारे घ्यायचे, बडवायचे आणि टाकून द्यायचे. नामांकित वाजवणारे त्यांना डबडं म्हणायचे. आता तेच लोक ते शोधत फिरतात. पातळ लाकडामुळे आवाजाला एक ऊब असते, म्हणाला, ती नव्या महागड्या ड्रममध्ये येत नाही.

“मी जपानीच शोधतोय, काका,” तो म्हणाला. “विलायती मला परवडतही नाही.”

“मग जपानी हुडका. हितनं स्टेशन जवळ हाय.”

सिद्रामकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

“बिल्ल्यावर नाव असेल की,” कौस्तुभ म्हणाला आणि मोठ्या ड्रमकडे वळला. बिल्ला होता, पण दिसत नव्हता. त्याच्यावर हळदीकुंकवाचा बोराएवढा गड्डा बसला होता, काळपट तांबडा, मधे जरासा खळगा पडलेला. कौस्तुभने नखाने तो खरवडायला हात पुढे केला आणि मामांनी त्याचं मनगट धरलं. ज्यांना समोरचा चहाचा कप सापडत नसे, त्यांनी मनगट अचूक धरलं.

“हात लावायचा न्हाई.”

“सॉरी, काका.”

“वाजवायचं तर वाजवा. हात तिथं न्हाई.”

मग त्याने पिशवीतून काठ्या काढल्या, कपाटावरचे दोन ड्रम पलंगावर घेतले आणि वाजवलं. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण एवढं सांगते की शेजारच्या घरात मशीनवर कुणीतरी शिवत होतं ते थांबलं आणि मामांच्या पायाची बोटं चादरीखाली हलायला लागली. आवाज मोठा नव्हता. भाकरी थापताना परातीतून येतो तसा, गोल, आणि शेवट जरा लांबणारा.

कौस्तुभ फोन नंबर ठेवून गेला. चारही ड्रम घेईन म्हणाला, जपानी म्हणून किंवा विलायती म्हणून, काका म्हणतील तसे. ज्वारी मला परत भरावी लागली.

त्या ड्रमचा इतिहास मी सून म्हणून इतक्या वेळा ऐकला होता की तो मला भाजी निवडता निवडता सांगता यायचा. गिरणी जोरात होती तेव्हा कामगारांनी ऑर्केस्ट्रा काढला. सिद्रामकाका अकॉर्डियनवर आणि व्यवस्थापकही तेच. मामा मुंबईला गेले आणि धोबी तलावाच्या एका दुकानातून हा सेट चादरीत बांधून घेऊन आले. त्यानंतर अक्कलकोट, बार्शी, करमाळा, जिथे कार्यक्रम तिथे भिंतीवर पोस्टर लागायचं. त्यावर गायकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘विलायती ड्रमच्या साथीने’ असं असायचं. लोक गाणी ऐकायला यायचे आणि आधी ड्रम बघून जायचे.

भांडण तेव्हापासूनचं. सिद्रामकाका पहिल्या दिवसापासून म्हणायचे, जपानी आहे. त्या काळात जपानी म्हणजे काय ते आमच्या पिढीला माहीत आहे. जत्रेतलं चावीचं माकड जपानी असायचं. वाटेवर टाळ्या वाजवायचं आणि घराच्या दारात आल्यावर मान टाकायचं. नवऱ्याची नोकरी कच्ची असली तरी बायका म्हणायच्या, जपानी आहे हो.

“जपानी असता तर बार्शीतच फुटला असता,” हा मामांचा पुरावा होता. बार्शीला मांडवाचा खांब स्टेजवर पडला होता. ड्रमला पोचाही आला नाही. सिद्रामकाकांच्या अकॉर्डियनचा भाता मात्र फाटला, आणि त्यांचं अकॉर्डियन जर्मन होतं.

पुढे गिरणी बंद पडली. ऑर्केस्ट्रा त्याच्या आधीच बंद पडला होता. मग सासूबाई गेल्या. मामांजवळ तो विलायती ड्रम तेवढा राहिला आणि रोज संध्याकाळी येणारे सिद्रामकाका. काका उंबऱ्यावर बसत, चहाचा पहिला घोट घेत आणि म्हणत, “जपानी.” मामा म्हणत, “विलायती.” मग दोघं गप्प बसून येणारा-जाणारा बघत. एकाला दिसत नसे, दुसरा सांगत असे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

राहिला कुंकवाचा गड्डा. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा होते. मामांचा मागावरचा धोटा, माझ्या नवऱ्याचे पक्कड-पान्हे, माझी विळी आणि ड्रम. सासूबाई दरवर्षी कुंकवात तेलाचा थेंब घालून बिल्ल्यावरच बोट टेकवायच्या. एकदा मी म्हटलं, नाव झाकलं जातंय. त्या म्हणाल्या, “कुंकू कपाळाला लावतात, पाठीला न्हाई.” पुढच्या वर्षी पुसायचंही नाही, जुन्यावरच नवं. त्या गेल्यानंतरच्या खंडेनवमीला मी बोट बिल्ल्याकडे नेलं तर मामा म्हणाले, “तिथं नको, वैजू. बाजूला लाव. तिथं जागा न्हाई आता.” मी कडेला लावलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याने नाव झाकायची चांगली युक्ती केली आहे.

कारण मला खात्री होती की ड्रम जपानी आहे. दुपारी सगळे निजल्यावर मामा पलंगावर बसून त्या गड्ड्यावर बोट ठेवत असत, तेही मी पाहिलं होतं. राखण करतात, असं मी समजत होते. मला त्यांची कीव यायची.

कौस्तुभ येऊन गेला आणि त्याच आठवड्यात मामा अचानक म्हणाले, “डोळ्याचं करून घेऊ.”

माझा नवरा अरविंद वीज मंडळात. तो किती वर्षं मागे लागला होता. मामा म्हणायचे, बघण्यासारखं काय राहिलंय? आता स्वतःहून म्हणाले तेव्हा अरविंदने चहाचा कप खाली ठेवला.

“एकदम कसं काय, आप्पा?”

“एक बघायचंय.”

“काय?”

“हाय एक.”

मी आणि सिद्रामकाकांनी एकमेकांकडे पाहिलं. काय बघायचंय ते दोघांनाही कळलं, निदान तसं वाटलं. पुण्याच्या माणसाने किडा सोडला होता. दिसायला लागलं की मामा गड्डा काढणार आणि नाव वाचणार. आणि त्यावर जपान असलं तर? मला खरंच भीती वाटली. गिरणी गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हाही चारचौघांत रडला नव्हता. पण काही माणसांचं सगळं वजन एका खिळ्यावर असतं, आणि तो खिळा हा ड्रम होता असं मी धरून चालले होते. कौस्तुभला फोन करून मी सांगितलं, ऑपरेशन होईपर्यंत येऊ नका आणि जपान हा शब्द काढू नका.

सिद्रामकाकांना सांगायचं मात्र राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अरविंद मामांना दवाखान्यात घेऊन गेला. मुक्काम करायचा होता. मी डबा देऊन दुपारी परत आले तर घराचं दार उघडं. शेजारणीकडे किल्ली असते, आणि सिद्रामकाकांना ती कधीही मिळते. काका जमिनीवर पाय पसरून बसले होते. मांडीवर मोठा ड्रम, बाजूला वाटीत माझी चिंच, मीठ आणि माझी तारेची घासणी. हातातलं फडकं लालभडक झालं होतं.

बिल्ला सोन्यासारखा चमकत होता.

“काका!”

“ओरडू नकोस. निकाल लागला.” त्यांचा आवाज मात्र निकाल लागल्यासारखा नव्हता. “तूच वाच. माझा चष्मा घरी राहिलाय.”

मी वाकून वाचलं. वर मुकुट होता. त्याखाली वळणदार इंग्रजी अक्षरांत ‘रॉयल डचेस’. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, ‘जपान’.

“नाव विलायती आहे,” मी म्हणाले. “माल जपानी आहे.”

“म्हणजे मीच खरा.”

“हो.”

“मीच खरा,” ते पुन्हा म्हणाले.  घासणीवरची चिंच काढत राहिले. “वैजू, उद्यापासून मी ह्याच्याशी बोलू काय?”

“हे घासायच्या आधी सुचायला हवं होतं.”

“माझं पण वय झालंय. म्हटलं, निकालाशिवाय मरायचं काय? ह्याला दिसायला लागेल, हा स्वतः वाचेल, मी समोर बसलेला असेन. लई वर्षं हे बघत आलो मी, मनात. आता घासताना वाटलं, हा वाचून गप बसला तर? एकदम गपच बसला तर?” त्यांनी फडकं खाली ठेवलं. “झाकायचं परत.”

मग आम्ही दोघांनी जे केलं ते शहाण्या माणसांचं काम नव्हतं. मी कुंकवात तेल कालवलं आणि बिल्ल्यावर लिंपलं. ते नव्या नवरीसारखं लालबुंद दिसू लागलं. “जुनं काळपट होतं,” काका म्हणाले. मी थोडं काजळ घातलं. ते जांभळं झालं. काका म्हणाले, कॉफी घाल. मी कॉफी घातली. हळद कमी वाटली, हळद घातली. पीठ घातल्याशिवाय गड्डा उभा राहीना, म्हणून ज्वारीचं पीठ घातलं. शेवटी मी म्हणाले, “काका, हे आता खायचंच बाकी आहे.” फॅन लावला आणि दोघं त्या ड्रमसमोर, बाळ झोपावं म्हणून बसावं तसे बसून राहिलो. वाळल्यावर लांबून बरं दिसत होतं. फडकं मी साबणाच्या बादलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आले. पट्टी दवाखान्यातच काढली होती. एका डोळ्यात औषधं चालू होती, वर काळा चष्मा. आल्या आल्या दारात थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

“वैजू, केस पांढरे झाले की तुझे.”

“तुमच्यामुळे,” मी म्हणाले.

भिंतीकडे बघितलं. “हिरवा कुणी लावला?”

“तुम्हीच सांगितला होता, आप्पा,” अरविंद म्हणाला.

“मला दिसत नव्हतं तेव्हा माझं ऐकायचं कशाला?”

सिद्रामकाका उंबऱ्यावर होते. चहा निवत चालला होता. मामा त्यांच्याकडे बघून म्हणाले, “सिद्राम, तू लई म्हातारा झालास,” आणि आत जाऊन पलंगावर बसले. हातपाय धुवायचं नाव नाही. काळा चष्मा काढला, नुसत्या डोळ्याने ड्रमकडे बघितलं. मग वाकून, अगदी जवळून बघितलं. 

त्यांनी बोट टेकवलं. रोज दुपारी टेकवायचे तसंच. बोट आत रुतलं. आमचा गड्डा वरून वाळला होता, आतून ओलाच होता. त्यांनी बोट काढून डोळ्यांसमोर धरलं, मग नाकाशी नेलं.

“कॉफी?” ते म्हणाले.

मी काकांकडे पाहिलं. अरविंदला तर काही माहीतच नव्हतं, तो माझ्याकडे बघत होता.

सिद्रामकाका उठून आत आले. “अंबादास, मी घासलं. हिचा दोष न्हाई. मला नाव वाचायचं होतं.” मग ते म्हणाले, “आता ऐकतोस तर ऐक. जपानी हाय. खाली लिहिलंय, बारीक. पण वर मुकुट हाय. नाव पण विलायती हाय. तसं बघितलं तर तुझं पण...”

“जपानीच हाय,” मामा म्हणाले.

काका बघतच राहिले.

“दुकानात वाचूनच घेतला. विलायती पण होता तिथं. त्याच्यावर काठी मारली तर आवाज आला, कोण पाहिजे? साहेबासारखा. ह्याच्यावर मारली तर म्हणाला, या, बसा.” ते बोटावरचं कुंकू अंगठ्याने चोळत होते. “आपल्या लोकांत हाच बरा म्हटलं. आणला. तू पोस्टरवर विलायती छापलंस.”

“मी?”

“तूच. लोक येणार न्हाईत म्हणून. छापलंस आणि मग मलाच म्हणायला लागलास, जपानी, जपानी. म्हटलं, छापलंय तर विलायती. तुझा शब्द मी राखला.”

सिद्रामकाकांना हे आठवत होतं की नव्हतं ते मला आजही सांगता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, “मग बघायचं काय होतं तुला?”

मामा बिल्ल्याकडे बघत होते. आमच्या लिंपणाचा एक पोपडा पडला होता आणि त्यातून मुकुट दिसत होता.

“तिचं बोट होतं हितं,” ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. तो गड्ड्यातला खळगा. सासूबाई दरवर्षी जुन्या कुंकवावर बोट टेकवायच्या, आदल्या वर्षीच्या खुणेतच, आणि त्या गेल्या तेव्हा शेवटची खूण तशीच राहिली होती. त्यांच्या अनामिकेच्या मापाची. मामा दुपारी तिथं बोट ठेवून बसायचे. राखण नव्हती ती.

“हाताला लागायचं,” मामा म्हणाले. “म्हटलं, एकदा डोळ्यानं बघू.”

मी न्हाणीघरात पळाले. बादलीतलं पाणी लाल झालं होतं आणि फडकं जवळजवळ पांढरं. मी तिथंच बसून रडले. ती बादली मी संध्याकाळपर्यंत ओतली नाही. तुळशीला घालावं तर साबणाचं पाणी. शेवटी दिवेलागणीआधी मोरीत ओतली आणि नळ सोडला. बाहेर आले तेव्हा सिद्रामकाका चहा न पिता निघून गेले होते.

त्यानंतर ते आले नाहीत. संध्याकाळी मी सवयीने दोन कप करायचे आणि एक मीच प्यायचे. मामांना आता रस्ता दिसत होता, पण ते उंबऱ्याकडे पाठ करून बसत. कौस्तुभचा फोन आला. मामांनी स्वतः घेतला. “जपानीच हाय,” ते म्हणाले. पलीकडून तो बहुधा फार खूश झाला. “पण द्यायचा न्हाई. वाजवायला या. येताना वरचं पान आणा, ज्वारीच्या ड्रमला बसवू.” ज्वारी कशात ठेवायची ते मला कुणी विचारलं नाही.

श्रावण संपत आला तेव्हा मामा म्हणाले, “वैजू, त्या सिद्रामला सांग, चहाचा एक कप रोज वाया जातोय.”

मी जाऊन सांगितलं. काका आले, पण उंबऱ्यावर बसेनात. बाहेर पायरीवर उभे राहिले, चपला पायात.

“बस की,” मामा म्हणाले.

काका बसले. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, दोन सायकली गेल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, आता दोघांनाही दिसत होतं.

“जपानी,” मामा म्हणाले.

काकांनी बशी खाली ठेवली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ड्रमकडे.

“न्हाई,” ते म्हणाले. “मी वाचलंय. विलायती हाय.”

“जपानी.”

“मुकुट हाय त्याच्यावर, अंबादास. विलायतीच.”

मामांनी मान हलवली आणि चहाचा घोट घेतला. त्या दिवसापासून बाजू बदलल्या, बाकी सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

खंडेनवमी आली. मी धोटा मांडला, पक्कड-पान्हे मांडले, विळी मांडली. कौस्तुभही आला होता, सोवळ्यात असल्यासारखा कोपऱ्यात उभा. मोठा ड्रम मामांनी स्वतः पुसला. बिल्ला लखलखीत होता. मुकुट, नाव, खालचं बारीक जपान, सगळं दिसत होतं. मी कुंकवात तेलाचा थेंब घातला आणि सवयीप्रमाणे बोट ड्रमच्या कडेला नेलं.

“तिथं नको,” मामा म्हणाले. “बिल्ल्यावर लाव. आता जागा हाय.”

मी अनामिका कुंकवात बुडवली आणि टेकवली.